काय टाकलं ते दाखवा

आमच्या दवाखान्यात चहाच्या गाळण्या दोन होत्या. एक चहाची आणि एक शिरसाट नानांची. घोटाळा होऊ नये म्हणून नानांनी आपल्या गाळणीला लाल दोरा बांधला होता. तरी कुणी नवा माणूस चहाला बसला, की त्याच्या पहिल्या घोटानंतर नाना अगदी सहज शिपायाला विचारत, "गुलाबभाई, लाल दोऱ्याची गाळणी दिसत नाही कुठं?" गुलाबभाई ठरल्याप्रमाणे कपाळावर हात मारी. पाहुण्याचा कप मध्येच थांबे. मग नाना आपल्या खिशातून ती गाळणी काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "प्या, प्या. ही इथं आहे." हा विनोद त्यांनी माझ्यासमोर चार वर्षं केला. चौथ्या वर्षीही सगळ्यांत जास्त हसत ते स्वतःच.

लाल दोऱ्याच्या गाळणीतून नाना मेंढ्यांच्या लेंड्या गाळत. लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात कुस्करायच्या, गाळायच्या, बाटली काठोकाठ भरून तोंडावर काच ठेवायची. जंतांची अंडी हलकी, ती वर येऊन काचेला चिकटतात. मग ती काच दवाखान्यातल्या एकमेव मायक्रोस्कोपखाली. लेंड्या ते काडेपेट्यांत आणत आणि पेटीवर मालकाचं नाव पेन्सिलीनं लिहीत. साहेबांच्या गाडीचा एक ड्रायव्हर एकदा विडी पेटवायला त्यांच्या टेबलावरची पेटी उचलून घेऊन गेला होता. तो परत आला तेव्हा नानांनी त्याला एवढंच विचारलं, की "सांडल्या तर नाहीत ना?"

हा दवाखाना धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या बाजूला. ऐंशीच्या दशकाच्या उतरणीची गोष्ट. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला. वडील गार्ड. आमच्याकडे मेंढरं पाहायला मिळत ती फाटकापाशी गाडी थांबली तरच. परीक्षा पास होऊन जनावरांचा डॉक्टर झालो आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती ठेलारी मेंढपाळांच्या कळपांच्या मुलखात. माझ्या हाताखाली पशुधन पर्यवेक्षक म्हणून अर्जुन शिरसाट, म्हणजे नाना. हाताखाली हा शब्द सरकारचा. प्रत्यक्षात काय होतं ते पहिल्याच दिवशी कळलं. मी हजर व्हायला गेलो, तर हा पन्नाशीचा, बारीक, काळासावळा माणूस खुर्चीतून उठला, नमस्कार केला आणि काही कळायच्या आत अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून आत बघितलं.

"लाल आहे," ते म्हणाले. "टिकाल."

माणूस असो की मेंढी, पापणी उलटून बघायची त्यांना खोडच होती. जंत रक्त पितात, रक्त कमी झालं की पापणी आतून पांढरी पडते, एवढा साधा हिशेब. पण ही खोड ते तलाठ्यावर, बस कंडक्टरवर, एकदा तर वसुलीला आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीवरही चालवत. सेक्रेटरीची पापणी बघून ते म्हणाले होते, "तुमचं उत्तम चाललंय." सेक्रेटरी तेव्हापासून दवाखान्यात आला नाही.

पण नानांची खरी ओळख दुसऱ्या एका वाक्यानं होती. एखादा मेंढपाळ कोकरू घेऊन आला आणि सांगू लागला, की याला मी हे घालतो, ते घालतो, बोरीचा पाला घालतो, भुईमुगाचा पाला घालतो, की नाना हात वर करून त्याला थांबवत. "काय खाल्लं ते सांगू नको. काय टाकलं ते दाखव."

आपल्याकडे सगळ्यांचा समज असा, की पोटात जंत झाले की खा-खा सुटते. मी पदवी घेतलेला, पण मनातून माझाही तसाच होता. नानांनी तो पहिल्या पावसाळ्यात मोडून काढला. कोकरू तीन-चार महिन्यांचं होतं, आईचं दूध सुटतं, ते ओल्या गवताला तोंड लावतं आणि गवताच्या पात्यावरून जंत पोटात जातात. पुढं खायला काही कमी नसतं. गव्हाणीत पाला असतो, रानात हिरवळ असते. पण कोकरू दोन घास घेतं आणि मान वर करून उभं राहतं. "लोकांना वाटतं, जंत त्याचं खाणं खातात," नाना म्हणत. "खाणं थोडंच खातात. त्याची भूक खातात." जे काही खाल्लं जातं त्यातलंही पुष्कळ आतड्याची झीज भरण्यात जातं. हाडामांसाला उरत नाही. कोकरू लगेच मरत नाही, वाढतही नाही. सहा महिन्यांचं होऊन तीन महिन्यांचं दिसतं. आणि वर पोट मात्र नगाऱ्यासारखं सुटतं.

त्या पोटानं आमच्या खात्याची मोठी सोय केली होती. एकदा वरिष्ठ साहेब पाहणीला आले. त्यांनी कळपातून नेमकी दोन पोटसुटी कोकरं निवडली, काखेत धरली आणि फोटो काढून घेतला. "वा! पोट कसं टम्म भरलंय बघा. याला म्हणतात संगोपन." नाना मागे उभे होते. ते अत्यंत अदबीनं म्हणाले, "हो साहेब, पोट भरलेलंच आहे." तो फोटो पुढं दोन वर्षं आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर होता. त्यातलं डावीकडचं कोकरू फोटोच्या आठवड्यातच मेलं होतं. नाना आल्यागेल्याला फोटो दाखवून साहेबांचं नाव सांगत, कोकराबद्दल बोलत नसत.

नाना जेवायला बसले की त्यांची नजर स्वतःच्या ताटावर कमी आणि लोकांच्या ताटावर जास्त. धरणगावला त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला मी गेलो होतो. मुलीकडच्यांची पंगत उठली तेव्हा जवळजवळ प्रत्येक पत्रावळीवर वरण तसंच पडलेलं. वरपक्ष कुजबुजायला लागला, की मुलीकडच्यांनी मुद्दाम अपमान केला, कुणी जेवलंच नाही. भांडण पेटायच्या बेतात होतं. नाना पत्रावळींच्या रांगेतून, हात पाठीमागे बांधून, मुकादमासारखे एक चक्कर मारून आले. मग त्यांनी व्याह्याला बाजूला घेतलं. "हे बघा, एकानं टाकलं तर जनावर आजारी. सगळ्यांनी टाकलं तर चारा वाईट. आचाऱ्याकडून मीठ जास्त पडलंय." वरण चाखलं गेलं. आचारी बोलणी खाऊन मोकळा झाला आणि लग्न सुखरूप पार पडलं. व्याह्यांना जनावर म्हटल्याचं नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं, पण तोवर वरात निघाली होती.

आता औषधाचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जंताचं औषध द्यायची वेळ म्हणजे पावसाचं तोंड आणि मग भर पावसाळा. हे मेंढीला कळतं, ठेलाऱ्याला कळतं. आमच्याकडे औषध यायचं मार्चमध्ये. वर्षाचा निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खोकी येत आणि सोबत पत्र येई, की एकतीस तारखेच्या आत सर्व औषध जनावरांना पाजून तसं कळवावं. मार्चमध्ये आमच्याकडे रान भाजून निघालेलं असतं, जमिनीवर ओलं पातं नसतं, जंतांचाही जोर ओसरलेला असतो. त्या वेळी पाजलेलं औषध आषाढात काय उपयोगाचं? आषाढात आम्ही औषध मागितलं की उत्तर येई, यंदाचा पुरवठा झालेला आहे.

नानांनी यावर आपला उपाय काढला होता. नोंदवहीत मार्चच्या पानावर ते लिहीत, "सर्व औषध पाजले." आणि बाटल्या मागच्या खोलीत लोकरीच्या पोत्यांआड ठेवून देत. आषाढ लागला की सायकलला पिशव्या अडकवून निघत आणि वाडी-वस्तीवर जाऊन कोकरांना पाजून येत. बांबूच्या नळीनं, एकेका कोकराचं वजन करून, एक थेंब सांडू न देता. त्याची नोंद अर्थातच कुठंही नसे. मार्चच्या पानावर खाली माझी सही असे. मला बाटल्या कुठं आहेत ते माहीत होतं. मी त्या खोलीत जात नसे, म्हणजे मला माहीत नाही असं मला वाटत राही.

माझ्या तिसऱ्या वर्षी ऐन आषाढात नानांना दुसऱ्या तालुक्यात लसीकरणाच्या मोहिमेवर पाठवलं. ते गेले दीड महिना. बाटल्या पोत्यांआड तशाच राहिल्या. जाताना ते मला म्हणाले होते, "साहेब, मागच्या खोलीत लक्ष असू द्या." त्याचा अर्थ मला कळला नव्हता असं मी आजही म्हणू शकतो. पण कळला होता. नोंद झालेलं औषध पुन्हा पाजायचं म्हणजे सापडलो तर नोकरीची पहिली पानंच काळी व्हायची. मी खोलीला कुलूप घातलं आणि लक्ष ठेवलं.

त्याच वर्षी पांझरा नदीच्या पलीकडल्या वस्तीवर साळूबाईला एका योजनेतून मेंढ्या मिळालेल्या होत्या. साळूबाई एकटी बाई, जमीन नाही, मूलबाळ नाही. दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी करून जगत आलेली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दारात आपल्या नावाची जनावरं बांधली गेली होती. बारा कोकरं झाली. कोकरांसाठी सरकारी खुराक मिळे, सरकी पेंड आणि मक्याचा भरडा. आणि श्रावणात योजनेची समिती आली वजनं करायला.

वजनं भरली नाहीत. बाराच्या बारा कोकरं कागदावर असायला हवी त्याच्या निम्म्यावर. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "खुराक जातो कुठे?" साळूबाई झोपडीत गेली आणि दीड पोतं भरून खुराक ओढत बाहेर घेऊन आली. कोकरं टाकत तो तिनं रोज संध्याकाळी गोळा करून, लेंड्या निवडून, जपून ठेवला होता.

"हे काय?"

"उरेल शे सायेब. पिलं खातस नही."

अध्यक्ष माझ्याकडे वळून हसले. "पाहिलंत? विकायला ठेवलाय." मग तिला म्हणाले, "खात नाहीत तर कोंबड्यांना का नाही घातलास? टाकून का नाही दिलास?"

"सरकारनं शे. मी कोंबडासले कसं टाकू? उद्या कोनी इचारं त्ये?"

उद्या कशाला, तेव्हाच विचारत होते. खुराक संपलेला असता तर विकला म्हणाले असते. उरला होता, तर विकायला ठेवला म्हणाले. तिनं पोतं बाहेर आणलं नसतं तर कुणी घरात शिरून पाहिलंही नसतं. अध्यक्षांनी तिथंच लिहायला घेतलं, की लाभार्थी खुराकाचा अपहार करते, मेंढ्या परत घ्याव्यात. साळूबाईला वाचता येत नव्हतं, पण मेंढ्यांकडे बोट झालेलं तिला दिसलं. ती पोत्यावर हात ठेवून उभी राहिली. मीही उभा होतो. जंत असतील, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही, कारण पुढचा प्रश्न आला असता, की मग मार्चमध्ये पाजलं ते काय?

सुदैवानं नाना त्याच दिवशी मोहिमेवरून परत आले आणि गुलाबभाईकडून ऐकून तडक सायकलवर वस्तीवर येऊन पोचले. आल्या आल्या त्यांनी ना समितीला नमस्कार केला, ना मला. ते पोत्यात हात घालून खुराक हुंगत बसले. मग एकेका कोकराची पापणी उलटली. दोघांच्या जबड्याखाली बोट दाबून पाहिलं, पाणी धरायला लागलेलं होतं. मग ते साळूबाईला म्हणाले, "माय, हाई फेकू नको. हाईच तुन्हा पुरावा शे."

"मी एक मूठ बी इकी नही, नाना."

"माले दिसस ना."

अध्यक्षांना ते म्हणाले, "साहेब, पोट बिघडलेलं जनावर खात नाही. चोरी असती तर उरलं कशाला असतं? महिनाभर द्या." अध्यक्ष हुशार होते. म्हणाले, "बारा कोकरांनी टाकलंय म्हणजे खुराकच खराब असेल, तेही आमच्या माथी मारणार का?" नाना म्हणाले, "तेही बघू. खुराक हाच ठेवू." समितीची पुढची बैठक तशीही महिन्यानं होती. तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं मुदत दिली.

परतताना नानांनी सायकल हातात धरली आणि माझ्याबरोबर चालले. मग म्हणाले, "बाटल्या तशाच?"

मी म्हटलं, "तुम्ही नव्हता."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी त्यांनी दवाखान्यात चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी साळूबाईच्या लिंबाला तराजूचा काटा टांगला गेला. बारा कोकरं झोळीत घालून वजनं झाली. आठांना औषध पाजलं, चारांना नाही. गव्हाणी दोन केल्या. खुराक दोन्हीकडे सारखा. संध्याकाळी उरलेलं डब्यानं मोजायचं आणि जितके डबे तितक्या कोळशाच्या रेघा भिंतीवर ओढायच्या, एवढं काम साळूबाईकडे. औषधाविना ठेवलेल्या चारांना नाना साक्षीदार म्हणत.

साळूबाईला हे पटेना. "त्यासनी काय पाप करं? त्या बी मन्हाच शेतस ना."

"माय, बठ्ठासले, बाराच्या बारासले, पाजं त्ये त्या म्हनतीन, पानी चांगलं व्हतं, हवा चांगली व्हती. उपाशी कोन व्हतं ते दाखाडाले लागस."

आठवडा झाला आणि औषधवाल्यांच्या गव्हाणीत चाटून पुसून साफ. भिंतीवर त्यांच्या बाजूला रेघ ओढायचीच वेळ येईना. साक्षीदारांच्या बाजूला रोज रेघांवर रेघा. मी एकदा गेलो तर साळूबाई औषधवाल्या कोकरांसमोर उकिडवी बसून त्यांचं खाणं नुसतं बघत होती. कुणाला पंक्तीला वाढून झाल्यावर यजमानीण बघते तशी. मला पाहून म्हणाली, "दादा, आवाज ऐका ना." आठ कोकरं पेंड चावत होती, त्याचा आवाज. मी ऐकला. त्या क्षणी मला माझी फार लाज वाटली.

पंधराव्या दिवशी साक्षीदारांपैकी एकाच्या जबड्याखाली थैलीसारखी सूज उतरली. ते उठेना. साळूबाई नानांचा हात धरून बसली. नानांनी पिशवीतून बाटली काढली, नळी भरली आणि कोकराच्या गालात घातली. मग मला म्हणाले, "लिहा साहेब. पंधराव्या दिवशी एक साक्षीदार फुटला." मी तसंच लिहिलं. ते कोकरू आठ-दहा दिवसांनी खायला लागलं आणि उरलेल्या तिघांपेक्षा तोच मोठा पुरावा झाला.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी मी नानांना म्हटलं, "उद्या विचारतील, औषध कुठून आणलं. साठा शून्य आहे. सांगा, की धुळ्याच्या दुकानातून स्वतः आणलं."

"बिल?"

"करता येईल."

"म्हणजे नोंद खोटी, वर बिल खोटं, वर माझं बोलणं खोटं. आणि हे सगळं कशासाठी, तर ही बाई खरी आहे म्हणून." ते मिशीतल्या मिशीत हसले. "इतकं खोटं जमवल्यावर ती तरी खरी वाटेल का हो?"

समिती आली. वजनं झाली. आठ कोकरं भरली होती, तीन होती तिथंच होती, आणि फुटलेला साक्षीदार मधे कुठंतरी होता. भिंतीवरच्या रेघा अध्यक्षांनी स्वतः मोजल्या. साळूबाईचं नाव अपहाराच्या कागदावरून निघालं. मेंढ्या तिच्याच राहिल्या. ती कुणाच्याही पाया पडली नाही, नुसती गव्हाणीपाशी जाऊन बसली. आणि मग अध्यक्षांनी विचारलं, "पण औषध आलं कुठून?"

"मार्चचं आहे," नाना म्हणाले.

"मार्चचं तर मार्चमध्ये पाजलंय. नोंद आहे."

"नोंद खोटी आहे साहेब. औषध खरं आहे."

पुढं चौकशी झाली. बाईनं उरलेला खुराक जपून ठेवला, ती निर्दोष सुटली. शिरसाट नानांनी उरलेलं औषध जपून ठेवलं, ते दोषी ठरले. चौकशी अधिकाऱ्यांनी मार्चच्या पानावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "साहेबांनी माझ्यावर विश्वासून सही केली. त्यांना बाटल्यांचं माहीत नव्हतं." अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होकाराची होती ती, आणि एवढंच करायला मला सगळा धीर गोळा करावा लागला होता. नानांची वेतनवाढ थांबली आणि बदली झाली चोपड्याकडे, केळीच्या मुलखात. जिथं त्यांच्या लाल दोऱ्याच्या गाळणीला लेंड्या मिळणं मुश्कील. मला पुढच्या वर्षी बढती मिळाली.

गाळणी त्यांनी जाताना गुलाबभाईला दिली. चहाला वापर म्हणाले.

चोपड्याला जायचं जायचं म्हणता पाच-सहा वर्षं गेली. गेलो तेव्हा नाना निवृत्त झालेले, गावाबाहेरच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर. एप्रिल संपत आलेला. खानदेशातला एप्रिल, पत्र्याला हात लावला तर फोड यावा असा. नाना दारातल्या खाटेवर बसले होते आणि त्यांनी अंगावर घोंगडी लपेटली होती.

"साळूबाईनं पाठवली," ते म्हणाले. "त्या आठांच्या लोकरीची. साक्षीदारांची बी असंल थोडी."

मी घोंगडीची तारीफ केली. एप्रिलबद्दल काही बोललो नाही.

त्यांच्या पत्नीनं, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणत असू, दोन ताटं वाढली. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली लसूण टांगलेला. नाना भरभरून बोलले. केळीच्या बागांवर बोलले, मार्चमध्ये अजून खोकी येतात का ते विचारलं. येतात म्हटल्यावर हसले. मी दोन भाकरी खाल्ल्या. मग माझी नजर खाली गेली. त्यांच्या ताटात भाकरीचे दोन तुकडे मोडलेले, भरीत बोटानं इकडचं तिकडं केलेलं, बाकी सगळं जसंच्या तसं. माझ्या ताटात काही उरलं नव्हतं. म्हणजे चारा चांगला होता.

मी ताटाकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं. त्यांच्यापासून ते कसं लपणार? त्यांनी ताट हळूच खाटेखाली सरकवलं आणि म्हणाले, "आज भूक नही लागनी."

अक्का आतून म्हणाल्या, "आज कशानी? दोन महिना व्हयनात. जळगावले बी दाखाडं. डाक्टर म्हने, रगतच तयार व्हस नही."

मी खरकट्या हातानं बसून राहिलो. नाना माझ्याकडे वळले, तोंड जरा वर केलं, आणि जशी काही आमची नेहमीचीच रीत असावी तसे म्हणाले, "देखा सायेब. देखी ल्या."

मी हात धुऊन आलो. अंगठ्यानं त्यांची पापणी खाली ओढली. इतक्या वर्षांत कितीतरी कोकरांच्या पापण्या त्यांनी मला दाखवल्या होत्या, रंग ओळखायला शिकवलं होतं. ही कागदासारखी पांढरी होती.

"काय रंग शे?"

"लाल शे, नाना," मी म्हटलं. "टिकाल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मिशीतल्या मिशीत हसले आणि घोंगडी खांद्यावर ओढून घेतली.

"मंग मार्चना पानवर लिखी टाका," नाना म्हणाले.